कातडीखालची शीव

असोद्याचं भरताचं वांगं घेताना जळगावची माणसं ते हातात फिरवून बघतात. हिरवट अंगावर पांढऱ्या रेषा, ताजा देठ, हाताला जाणवेल असं वजन. आणि कुठे टाचणीच्या टोकाएवढं भोक तर नाही ना. भोक दिसलं की वांगं परत टोपलीत. अळी आत कुठवर गेली आहे हे भोकावरून कधीच कळत नाही. वरचं साल तुकतुकीत आणि आत अर्धं वांगं पोखरलेलं, असं होतं. घरी आणल्यावर किडकं निघालं तर चिरून बघता येतं, चांगलं तेवढं ठेवता येतं. त्वचेचा कर्करोग काढणाऱ्या सर्जनपुढे हेच कोडं असतं, पण त्याला चिरून बघण्याची मुभा नसते. त्याच्यासमोर कुणाचं तरी नाक असतं, पापणी असते, ओठ असतो.

वर दिसतो तो चट्टा. रोगाची खरी शीव कातडीखाली कुठे पडली आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. कमी कापलं तर रोग मागे राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा डोकं वर काढतो. जास्त कापलं तर पापणी मिटत नाही, ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळतो. आधी शीव बघायची आणि मग सुरी लावायची, ऐकायला इतकी साधी गोष्ट. पण ती जमायला जवळजवळ सगळं विसावं शतक गेलं.

प्रश्न मात्र त्याहून कितीतरी जुना. सुश्रुताने अर्बुदावर शस्त्र, क्षार आणि अग्नी असे तिन्ही उपाय सांगितले आणि जोडीला एक ताकीद दिली: अर्बुदाचा अंश जरी शिल्लक ठेवला तरी ते लवकरच पुन्हा वाढतं आणि जीव घेतं, म्हणून ते निःशेष काढावं. ताकीद आजही तितकीच खरी आहे. फक्त निःशेष निघालं हे ओळखायचं कशावरून, ते सांगायला सुश्रुताच्या हाताशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पुढे सूक्ष्मदर्शक आला, तरी बराच काळ तो शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच राहिला.

खानदेशात उन्हाला तोटा नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तशा उन्हातही केळीच्या बागेत पाणी धरणारी माणसं असतात. तरी युरोप-ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत त्वचेचा कर्करोग जितका सर्रास आढळतो, तितका तो आपल्याकडे आढळत नाही. याचं मोठं श्रेय मेलॅनिनला. कातडीतला हा काळा-तपकिरी रंग अतिनील किरण स्वतः पचवतो आणि खालच्या पेशींच्या केंद्रकांना वाचवतो. आपल्याकडे हा रोग पुष्कळदा अशा जागा धरतो जिथली राखण उठली आहे किंवा कातडी वर्षानुवर्षं डिवचली गेली आहे: भाजल्याचा जुना वण, पायावरची कधीच न भरलेली जखम, अल्बिनिझम असलेल्या माणसाचा चेहरा आणि मान. आणि कंबर.

कंबर का, याचं उत्तर मुंबईत मिळालं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. खानोलकरांची एक खोड होती, आणि ती फार उपयोगी खोड होती: काचपट्टीवरच्या पेशी बघून ते थांबत नसत, तो माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे विचारत. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह अमेरिकेतल्या 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकात निबंध लिहिला. लोकांच्या सवयींतून उद्भवणारे तीन नवे कर्करोग त्यात नोंदवले होते. त्यांतला एक धोतराचा.

धोतर कमरेला घट्ट आवळायचं, रोज त्याच ओळीवर, आयुष्यभर. त्यात घाम, धूळ आणि काम करताना होणारं घर्षण. त्या पट्ट्यातल्या कातडीचा रंग बदलतो, साल निघते, कातडी जाड होते, भेग पडते. बहुतेकांचं तिथेच थांबतं. पण कुणाकुणाच्या बाबतीत त्या भेगेत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सुरू होतो. पुढे मुंबईच्याच डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद केली. धोतर गेलं, नाडी राहिली.

खानोलकरांनी कारण दाखवलं. सर्जनची पंचाईत मात्र तशीच होती. इथे अख्खा कमरेचा पट्टाच रंग बदललेला. त्यात घर्षणाचा डाग कुठे संपतो आणि कर्करोग कुठे सुरू होतो? डाग आणि रोग दोन्ही एकाच रंगाचे.

अशा वेळी जगभरचे सर्जन जे करत आले तेच आजही बहुतेक ठिकाणी होतं. चांगल्या उजेडात चट्टा बघायचा, बोटांनी चाचपायचा, कातडीवर लिहिण्याच्या पेनने कड आखायची आणि तिच्याबाहेर काही मिलिमीटर सोडून दुसरं वर्तुळ काढायचं. कापायचं ते बाहेरच्या वर्तुळावरून. किती मिलिमीटर सोडायचे, याचा अंदाज अनुभवाने ठरे. १९८७ मध्ये वुल्फ आणि झिटेली या दोघांनी मोजमाप करून दाखवलं की बेसल सेल या प्रकारचा त्वचेचा कर्करोग दोन सेंटिमीटरहून लहान असताना चार मिलिमीटर सोडले तर ९५ टक्के वेळा तो पूर्ण निघतो. चांगला आकडा आहे. पण वीस जणांतल्या ज्या एकाचा निघाला नाही, त्याच्या नाकाला या सरासरीचा काय उपयोग? आणि उरलेल्या एकोणीस जणांत किती जणांची निरोगी कातडी उगाच गेली, ते या आकड्यात येत नाही.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे त्याचे ठरावीक अंतरावर उभे काप घेतात आणि काचेवर बसवून बघतात. दोन कापांच्या मधलं कुणी बघत नाही. सगळी कड धरली तर या पद्धतीत तिचा शेकडा एखाद-दोन भागच प्रत्यक्ष नजरेखालून जातो. अहवाल आठवड्याने हातात येतो. तोवर टाके काढायची वेळ झालेली असते आणि अहवालात लिहिलेलं असतं की एका कडेला पेशी आढळल्या. कोणत्या कडेला, तर जखम आता शिवून एक झाली आहे. तिथून पुन्हा सुरुवात.

ही कोंडी पहिल्यांदा फोडली ती एका विद्यार्थ्याने, आणि तीही दुसरंच काही शोधताना. १९३० च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्स वैद्यकीचं शिक्षण घेता घेता प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मायकेल गायर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. काम असं की उंदरांच्या गाठींत निरनिराळी रसायनं टोचायची आणि पांढऱ्या पेशी गाठीवर तुटून पडतात का ते बघायचं. त्या यादीत झिंक क्लोराइड होतं. त्याने पांढऱ्या पेशी वगैरे काही जमवल्या नाहीत. ज्या भागात टोचलं तो भाग सरळ मारून टाकला. पण मोह्सने तो मेलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा पेशी जागच्या जागी, ओळखता येतील अशा होत्या. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तुकडा टिकवावा तसं ऊतक जिवंत अंगावरच टिकलं होतं.

दुसऱ्या कुणी वहीत 'अपेक्षित परिणाम नाही' असं लिहून पुढचं रसायन घेतलं असतं. मोह्सने उलटा विचार केला. गाठ अंगावर असतानाच अशी टिकवायची, मग थर कापायचा, लगेच बघायचा, जिथे कर्करोग दिसेल नेमक्या त्याच जागी परत जायचं.

त्यासाठी त्याने लेप बनवला. झिंक क्लोराइड, स्टिबनाइट या अँटिमनीच्या खनिजाची पूड आणि ब्लडरूट नावाच्या अमेरिकी वनस्पतीच्या मुळाची पूड. लेप लावायचा, पट्टी बांधायची, रात्र जाऊ द्यायची. ती रात्र फार वाईट जाई. लेपाची आग सहन करत रुग्ण पडून राही. दुसऱ्या दिवशी मेलेला थर कापताना मात्र वेदना नाही आणि रक्तही नाही. १९३६ मध्ये त्याने माणसांवर हा उपचार सुरू केला आणि १९४१ मध्ये ४४० रुग्णांचा अनुभव छापला.

लेपाची गोष्ट चमत्कारिक असल्यामुळे लोक तीच सांगतात. पण मोह्सचा खरा शोध लेप नव्हे, त्याचा नकाशा. कापताना तो सुरी तिरपी धरी, म्हणजे निघालेला थर उथळ बशीसारखा असे. तो दाबून सपाट केला की बशीचा काठ आणि तळ एकाच पातळीत येत. एका कडेला लाल रंगाचा ठिपका, दुसऱ्या कडेला निळा, आणि कागदावर रुग्णाच्या नाकाचं चित्र काढून त्यावर तेच रंग. मग उभे काप न घेता तळाच्या बाजूने आडवा काप घ्यायचा. त्या एका कापात सगळी कड आणि सगळा तळ येतो, मधलं काहीही सुटत नाही. निळ्या ठिपक्याजवळ पेशी दिसल्या तर नकाशा बघून त्या बाजूला तेवढाच आणखी एक थर. बाकीच्या नाकाला हात लावायचा नाही. शेकडा एखाद-दोन भाग तपासण्याऐवजी आता शंभर टक्के शीव तपासली जाऊ लागली.

सर्जन मंडळींनी या माणसाला फारसं मनावर घेतलं नाही. अंगावर दाहक लेप लावून गाठ जाळणारे वैदू अमेरिकेतही होते आणि मोह्सची गणना त्यांच्यात होण्याची भीती होती. त्याचा हात धरला तो त्वचारोगतज्ज्ञांनी. १९५३ मध्ये तो आपल्या पद्धतीचं चित्रीकरण करत होता. पापणीवरचा कर्करोग. लेपासाठी प्रत्येक थरामागे एक दिवस थांबायचं तर चित्रपट कधी पुरा व्हायचा? म्हणून पुढचे थर त्याने भूल देऊन, लेपाशिवाय, ताजेच कापले आणि गोठवून काप घेतले. काम तितकंच चोख झालं आणि एका दिवसात झालं. तरीही लेप सुटायला आणखी वीस वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रॉमोविच आणि स्टेगमन यांनी १९७४ मध्ये ताज्या ऊतकाच्या पद्धतीचे निकाल छापले, तेव्हा कुठे सगळे त्या मार्गाला लागले. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कर्करोगात मोह्स शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत रोग न उलटण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं.

मग अडचण कुठली? अडचण वेळेची आणि माणसांची. प्रत्येक थर गोठवायचा, क्रायोस्टॅट यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, बघायचे. एका फेरीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. रुग्ण गालावर पट्टी लावून बाहेर बाकावर बसलेला. तीन फेऱ्या झाल्या की दिवस संपला. शिवाय असा काप काढणारा तंत्रज्ञ हवा, आणि स्वतः कापून स्वतःच काच वाचणारा सर्जन हवा. तालुक्याच्या गावी सोडाच, जिल्ह्याच्या ठिकाणीही ही जुळणी अवघड आहे. आणि मूळ प्रश्न उरतोच: मोह्सची शीव दिसते ती कापल्यावर. कापण्याआधी नाही.

इथे गोष्टीत प्रकाश येतो. १९५५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये मार्विन मिन्स्की नावाच्या तरुणाला मेंदूतल्या पेशींची जोडणी बघायची होती. हाच मिन्स्की पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जनकांपैकी एक म्हणून गाजला. जाड ऊतकातून बघताना त्रास असा होतो की वरच्या, खालच्या, आजूबाजूच्या सगळ्या थरांतून प्रकाश परत येतो आणि नुसतं धुकं दिसतं. मिन्स्कीने वाटेत सुईच्या टोकाएवढं छिद्र ठेवलं. भिंग ज्या एका बिंदूवर रोखलं आहे तिथून आलेला प्रकाशच त्या छिद्रातून जातो, बाकीचा अडतो. मग एकेक बिंदू बघत सगळं चित्र जोडायचं. याला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक म्हणतात. १९६१ मध्ये पेटंट मिळालं, पण पुरेसा तेजस्वी लेझर आणि चित्र जोडणारा संगणक हाताशी येईपर्यंत ते बहुतेक कागदावरच राहिलं.

१९९० च्या दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या वेलमन प्रयोगशाळेत हे छिद्र माणसाच्या कातडीपाशी येऊन पोचलं. ते आणणाऱ्याचं नाव मिलिंद राजाध्यक्ष. आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. टवकारू देत, कारण या विषयात हे नाव पहिल्या ओळीत आहे. सोबत रॉबर्ट वेब होते, ज्यांनी लेझरने डोळ्याचा पडदा बघण्याचं यंत्र घडवलं होतं, आणि त्वचेवरच्या लेझर उपचारांचा शास्त्रीय पाया घालणारे रॉक्स अँडरसन. यांना हवं होतं ते असं: कातडी कापायची नाही, रंगवायची नाही, सुई टोचायची नाही, नुसता कमी शक्तीचा लेझर टाकायचा आणि जिवंत माणसाच्या जिवंत पेशी पडद्यावर बघायच्या.

यात शंकेची जागा मोठी होती. काचपट्टीवरच्या पेशी दिसतात कारण आपण त्यांना जांभळा-गुलाबी रंग देतो. न रंगवलेल्या पेशी पाण्यासारख्या पारदर्शक. त्यातून परत काय येणार? कातडीत मेलॅनिन आहे, ते तर प्रकाश गिळतं. म्हणजे जिथे मेलॅनिन तिथे काळोख, असं कुणीही म्हटलं असतं.

१९९५ मध्ये 'जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मेटॉलॉजी'त राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तो याच्या नेमका उलट सांगत. मेलॅनिन पडद्यावर काळं दिसत नव्हतं, झळकत होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या काठावर मेलॅनिनची भूक मंदावते, तिथे ते प्रकाश गिळण्यापेक्षा परत जास्त फेकतं. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.७, तर आजूबाजूच्या बाह्यत्वचेचा १.३४ च्या घरात. एवढा फरक असला की प्रकाश तिथून उसळून माघारी येतो. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलॅनिनने भरलेल्या पेशींची रांग लखलखीत कड्यासारखी उमटली. त्याखालच्या केशवाहिन्यांतून एकेक रक्तपेशी धावताना दिसली. पडताळा म्हणून कोड आलेली कातडी बघितली: तिथे रंग नाही, तर ती लखलखीत रांगही नाही. काळं होतं ते पांढरं ठरलं. ज्या द्रव्याने आपल्याला उन्हापासून सांभाळलं, त्यानेच आतला उजेड करून दिला.

कल्पना सिद्ध झाली, पण रुग्णासाठी ती अजून कामाची नव्हती. माणूस श्वास घेतो, नाडी उडते. पेशीच्या मापाने बघायला गेलं तर कातडी सतत हिंदकळत असते आणि चित्र पुसट होतं. त्यावर तोडगा निघाला तो अगदी साधा. धातूची एक पातळ कडी कातडीला चिकटवायची आणि यंत्राचं नाक चुंबकाने त्या कडीला बसवायचं. कातडी हलली तर यंत्र तिच्याबरोबर हलतं. कडीत थोडं पाणी किंवा जेल घातलं की भिंग आणि कातडी यांच्यामधली हवा जाते. बाकी सुधारणांसह हे सगळं १९९९ च्या दुसऱ्या निबंधात आलं आणि रॉचेस्टरजवळच्या ल्युसिड या कंपनीने व्हिवास्कोप नावाने यंत्र बाजारात आणलं. एका वेळी दिसतो तो अर्ध्या मिलिमीटरचा चौकोन. शेजारी शेजारी असे चौकोन टिपत गेलं की संगणक ते जोडून आठ मिलिमीटरपर्यंतचा पट तयार करतो. फरशीला फरशी लावत जावं तशी शीव उलगडते. आडवी, वरून, मोह्सच्या कापासारखीच.

पुढची पायरी २००१ ची. मोह्स शस्त्रक्रियेतल्या ताज्या तुकड्यावर गोठवण्याची खटपट न करता थेट कॉन्फोकल लावून काही मिनिटांत कड वाचता येईल का? कर्करोगाच्या पेशींत मेलॅनिन असेलच असं नाही, मग त्या झळकायच्या कशा? राजाध्यक्षांच्या चमूने तुकडा सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमध्ये, धुतला. ॲसेटिक ॲसिडने केंद्रकातलं द्रव्य आकसून दाट होतं आणि केंद्रकं चमकू लागतात. कर्करोगाच्या गाठीत केंद्रकांची दाटी असल्यामुळे गाठ उठून दिसते. हा तोच व्हिनेगर, ज्याच्या बळावर टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले. ते निकाल २०१३ मध्ये जाहीर झाले. मुंबईत आरोग्यसेविकेचा डोळा आणि बोळा, अमेरिकेत लेझर, रसायन एकच. मला यात मुंबईचं काम थोरलं वाटतं, पण तो वेगळा लेख.

नंतर राजाध्यक्ष न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात आले आणि मोह्स सर्जन किश्वर नेहल यांच्या जोडीने काम पुढे गेलं. व्हिनेगरऐवजी ॲक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग वापरून २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात असल्या चित्रांवरून बेसल सेल कर्करोग सुमारे ९७ टक्के वेळा ओळखता आला. नाही तिथे नाही म्हणण्यातली अचूकता ८९ टक्के. एक गंमतही झाली. डॉक्टरांचे डोळे शंभर वर्षं जांभळ्या-गुलाबी काचांना सरावलेले. राखाडी चित्र बघून ते बुचकळ्यात पडत. मग संगणकाकडूनच चित्राला जांभळा-गुलाबी रंग चढवून घेतला. यंत्राने माणसाची सवय पाळली.

आता कापण्याआधीची गोष्ट. वयस्कर गोऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर लेंटिगो मॅलिग्ना नावाचा, मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा उथळ प्रकार होतो. आजूबाजूची कातडीही उन्हाने डागाळलेली असते, त्यामुळे याची कड ठरवणं म्हणजे सर्जनच्या डोक्याला ताप. सिडनीच्या पास्कल गितेरा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी ३७ रुग्णांच्या चेहऱ्यांवर कॉन्फोकल फिरवून कातडीवरच शीव आखली आणि २०१३ मध्ये निकाल दिले. डाग डोळ्यांना दिसत होता अशा २९ जणांपैकी १७ जणांत रोग दिसणाऱ्या कडेच्या पाच मिलिमीटरहूनही पलीकडे गेलेला होता. पाच मिलिमीटर म्हणजे नेहमी सोडायची ती जागा. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांत पेनने आखलेली रेघ रोगाच्या आतून गेली असती. बघितल्यामुळे बहुतेकांच्या उपचाराचा बेतच बदलला. २०१६ च्या जानेवारीपासून अमेरिकेत या तपासणीला स्वतंत्र बिलाचे संकेतांक मिळाले. तिकडे एखादी गोष्ट प्रयोगशाळेतून दवाखान्यात आली हे असंच ओळखतात.

यंत्राचे दोष झाकण्यात अर्थ नाही. लेझर कातडीत पाव मिलिमीटरच्या आसपास जातो, त्याखाली अंधार. नाकपुडीत खोल मुळं धरलेल्या गाठीचा तळ त्याला दिसत नाही. म्हणून आता त्याच्या जोडीला आणखी खोल बघणारं, पण पेशी स्पष्ट न दाखवणारं ओसीटी हे प्रकाशतंत्र बसवतात. एक शीव बघतं, दुसरं खोली. जाड, खवल्यांच्या कातडीत प्रकाश वरच अडतो. आणि ती चित्रं वाचायला शिकावं लागतं. नवख्याला सगळंच राखाडी.

हे दोष आपल्याकडे जास्त बोचतात. धोतराच्या पट्ट्यातला किंवा भाजल्याच्या वणातला स्क्वॅमस कर्करोग जाड आणि खडबडीत असतो, तिथे कॉन्फोकल फारसा उपयोगी नाही; तिथे सर्जनचा हात, गोठवलेले काप आणि जाणता पॅथॉलॉजिस्ट हेच तिघं. पण आपल्या लोकांच्या नाका-गालावर होणारा बेसल सेल कर्करोग बऱ्याचदा काळसर, मेलॅनिन भरलेला असतो. घरचे त्याला तीळ समजतात, चामखीळ समजतात, आणि वर्षं जातात. ही काळी गाठ कॉन्फोकलच्या पडद्यावर चांगली उजळ दिसते. गोऱ्या देशांत घडलेलं हे यंत्र सावळ्या कातडीवरही चालेल का, ही शंका घेणाऱ्यांना १९९५ च्या निबंधातच उत्तर आहे.

तरी खानदेशापुरतं बोलायचं तर माझं मत सरळ आहे: आपल्याकडे शीव चुकते ती यंत्राअभावी कमी आणि उशिरामुळे जास्त. मसुराच्या दाण्याएवढी गाठ असताना आलेल्या माणसाला चार मिलिमीटर सोडून केलेली साधी शस्त्रक्रिया बहुधा पुरते. तीच गाठ रुपयाएवढी झाल्यावर स्लोन केटरिंगलाही घाम फुटतो. आणि माणसं उशिरा येतात त्याचं कारण एकच, ही गाठ दुखत नाही. "दुखतच नाही, मंग कायले दाखवू?" हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येतं. दुसरी समजूत अशी की सुरी लागली की कॅन्सर पसरतो. तो पसरतो तो ठेवल्याने. आणि कुणी काळा लेप देऊन गाठ जाळून देतो म्हणाला तर त्याला हात जोडावेत. मोह्सच्या लेपातलीच ब्लडरूट आणि झिंक क्लोराइड असलेली मलमं आजही काही देशांत विकली जातात. वरची कातडी भरून येते आणि आत रोग चालू राहतो. मोह्स लेपानंतर प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता, लेप विकणारा बघत नाही.

तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांची कंबर, भाजल्याचे जुने वण, नाक, कान आणि ओठ एकदा उजेडात बघा. महिना-दीड महिन्यात न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारा तीळ, जुन्या वणात नव्याने उठलेला कोंब, यांतलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही. पंच बायोप्सीला तीन-चार मिलिमीटरचा तुकडा लागतो, जागेवर भूल देतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.